चाल नसलेली ओळ

मोठ्या पाश्चात्य वाद्यवृंदात साठेक तंतुवादक असतात. त्यांतले दहा-बारा व्हायोलावाले. व्हायोला दिसायला व्हायोलिनच, पण अंगाने थोडं मोठं आणि आवाजाने जाड. हे लोक सहसा व्हायोलिन आणि चेलो यांच्या मध्ये बसतात आणि कार्यक्रमातला बराचसा वेळ असं काहीतरी वाजवतात, जे श्रोत्याला वेगळं ऐकूच येत नाही. ते थांबले तर मात्र सगळ्यांच्या लक्षात येतं की काहीतरी पोकळ झालं. बीथोव्हेनच्या पाचव्या सिम्फनीचा दुसरा भाग व्हायोला आणि चेलो यांच्या चालीने सुरू होतो. व्हायोलावाल्यांना त्या ओळी तोंडपाठ असतात, कारण असं ताट रोज वाढलं जात नाही. एरवी त्यांच्या पानावर चाल नसते. एकच स्वर चार वेळा, मग अर्धा स्वर खाली, मग सहा मात्रांची विश्रांती, मग पुन्हा तोच स्वर.

व्हायोलाचं नोटेशन वाचणं अवघड का, आणि बार्शीसारख्या गावातल्या विद्यार्थ्याला ते कसं शिकवायचं, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं या चाल नसलेल्या ओळीत आहेत.

आपल्याकडे संगीत शिकणारं पोर कान घेऊन येतं. भगवंताच्या देवळातलं भजन, कीर्तनातली पेटी, लग्नातला बँड, हे ऐकून त्याला चाल उचलायची सवय लागलेली असते, आणि एकदा चाल उचलली की हात तिच्यामागे जातो. बार्शीने महाराष्ट्राला दिलेला सर्वांत मोठा आवाज शाहीर अमर शेख यांचा. १९१६ साली त्यांचा जन्म इथे झाला. त्यांचं गाणं मैदानावर, हजारो माणसांसमोर घडलं. समोर कागद ठेवण्याची तिथे गरजही नव्हती आणि सोयही नव्हती. व्हायोलिनची आपली ओळखही अशीच. प्रभाकर जोगांनी सुधीर फडक्यांच्या गीतरामायणाला वर्षानुवर्षं साथ केली आणि पुढे ‘गाणारं व्हायोलिन’ घराघरांत नेलं. त्यांचं वादन ऐकताना शब्द ऐकू येतात, ही त्यांना मिळणारी नेहमीची दाद. ती खरीही होती. मराठी कानाला व्हायोलिन गळ्यासारखं गाताना ऐकायची सवय आहे.

व्हायोला या सवयीच्या नेमका उलट बसतो. त्याच्या ओळीला शब्द नाहीत, आणि ऐकून उचलावी अशी वळणंही नाहीत. चाल माहीत असेल तर वाचनातली चूक कान दुरुस्त करतो. इथे कानाला दुरुस्त करायला काही आधारच नसतो. आपल्या परंपरेत या कामाच्या सर्वांत जवळ जाणारा माणूस म्हणजे शाहिराच्या मागे उभा असलेला झीलकरी. कडवं शाहीर म्हणतो, टाळ्या शाहिराला मिळतात, पण झील ढिली पडली की पोवाडा बसतो. शिक्षकाने पहिल्या दिवशी विद्यार्थ्याला हेच सांगावं: तुला झील धरायची आहे, आणि ती कागदावरून धरायची आहे.

कागद आपल्याला अगदीच नवा आहे, असं मात्र नाही.    विष्णु दिगंबर पलुस्करांनी मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे तालीम घेतली. पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं वर्गात शिकवायचं तर ते फळ्यावर लिहिता आलं पाहिजे, म्हणून स्वतःची स्वरलिपी तयार केली. भातखंड्यांनी दुसरी केली. १९३१ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आज तालुक्या-तालुक्यांतली मुलं देतात. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा त्या पायऱ्या. भातखंडे लिपीतली कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारला वर टिंब, हे त्या मुलांना झोपेतही येतं.

तेव्हा बार्शीचा विद्यार्थी निरक्षर नाही. फरक वापराचा आहे. आपल्याकडे बंदिश आधी गुरूच्या तोंडून बसते, मग वहीत उतरते. वही आठवणीसाठी. कधीही न ऐकलेली बंदिश वही उघडून पहिल्याच झटक्यात लयीत म्हणून दाखव, असं आपल्या परीक्षेत सहसा कुणी म्हणत नाही. वाद्यवृंदाच्या ऑडिशनमध्ये तेच म्हणतात.

दुसरा फरक डोळ्याचा. ‘ग’ लिहिला की गंधार, हे नावावरून कळतं. पाच रेघांच्या नोटेशनमध्ये नाव लिहिलेलं नसतं, उंची काढलेली असते. स्वर वर चढला की ठिपका वर चढतो. म्हणून सराईत वाचक एकेक अक्षर वाचत नाही, ओळीचा आकार वाचतो.

आता प्रत्यक्ष रेघा. व्हायोलाचं पान आल्टो क्लेफमध्ये लिहितात. नाव ऐकून घाबरण्याचं कारण नाही, पेटी समोर घ्यावी. पाच रेघांतली मधली रेघ म्हणजे मध्य सप्तकातली पांढरी १. बस्स. तिथून वर एकेक जागा, एकेक पांढरी पट्टी. वाद्याच्या चार तारा जाडीकडून बारकीकडे पांढरी १, पांढरी ५, पांढरी २, पांढरी ६ अशा लागतात. पांढरी १ ला सा मानला तर मंद्र सा, मंद्र प, मध्य रे, मध्य ध. पानावर या चारही मोकळ्या तारा रेघेवर न येता रेघांबाहेरच्या किंवा मधल्या मोकळ्या जागांत येतात: सर्वांत जाड तार पाच रेघांच्या खाली, छोट्या जादा रेघेखाली लोंबकळते; दुसरी तळाच्या दोन रेघांमध्ये; तिसरी मधल्या रेघेच्या लगेच वर; चौथी सर्वांत वरच्या रेघेच्या लगेच वर. या चार खुणा आधी पक्क्या कराव्यात. बाकीचे स्वर त्यांच्या शेजारपाजारचे आहेत.

व्हायोलिन शिकून व्हायोलाकडे आलेल्यांसाठी एक आडवाट फार प्रसिद्ध आहे. आल्टो क्लेफचं पान व्हायोलिनचंच आहे असं समजायचं, हात तिसऱ्या पोझिशनमध्ये, म्हणजे वाद्याच्या मानेवर वर सरकलेला, आहे अशी कल्पना करायची आणि बोटं तशी टाकायची. गंमत म्हणजे बोटं बरोबर त्याच तारेवर, त्याच जागी पडतात. मधली रेघ, दुसरी तार, तिसरं बोट. पण हे वाचन नाही, सोंग आहे. शार्प-फ्लॅटच्या, म्हणजे तीव्र-कोमलच्या, खुणा आल्या की बोट अर्ध्या स्वराने कुठे सरकवायचं ते गोंधळतं, आणि खरोखरच हात वर सरकवायची वेळ आली की सगळं कोसळतं. त्यातून ऑडिशनमध्ये मध्येच क्लेफ बदलतो, कारण उंच स्वर आले की व्हायोलाचं पान नेहमीच्या ट्रेबल क्लेफमध्ये जातं. ही युक्ती शिकवणाऱ्या शिक्षकापेक्षा महिनाभर रडत-खडत खरं वाचायला लावणारा शिक्षक मी पसंत करेन.

सा कुठे धरायचा, यावर जगभर दोन पक्ष आहेत. फ्रान्स, इटली, रशियात ‘दो’ हा नेहमी एकाच जागी. इंग्लंडमधल्या कर्वेनच्या आणि हंगेरीतल्या कोडायच्या पद्धतीत तो आपल्या षड्जासारखा सरकतो. आपल्या पोराला सरकता सा अंगवळणी पडलेला असतो. गायिकेची पट्टी काळी ४, गायकाची काळी १, दोघांचाही सा तो साच. माझं मत असं की वाचताना सा पांढरी १ वरच खिळवावा, म्हणजे डोळा आणि बोट यांची जोडी पक्की होते. आणि स्वर सुरेल लागतोय का हे तपासताना सा हलवावा. पान पांढरी २ च्या मेजर स्केलमध्ये असेल तर बोटांना खिळवलेला सा सांभाळू द्या आणि कानाला पांढरी २ वरचा बिलावल ऐकू द्या. दोन कामं, दोन भाषा. पहिले काही आठवडे मुलं वैतागतात.

लयीत मात्र आपला विद्यार्थी पुढे असतो, आणि शिक्षकाने हे भांडवल पुरेपूर वापरावं. ज्याने तबलजीसमोर बसून दुगुन, तिगुन, चौगुन हातावर टाळी देत म्हटली आहे, त्याला एका ठोक्याचे दोन, तीन, चार भाग करणं शिकवावं लागत नाही. चायकोव्स्कीच्या सहाव्या सिम्फनीचा दुसरा भाग पाच मात्रांचा आहे, दोन अधिक तीन. युरोपातल्या अनेक विद्यार्थ्यांना तो अडखळवतो. झपताल येणाऱ्याला तो ओळखीचा वाटतो. अडचण येते ती दुसऱ्या टोकाला. विलंबित ख्यालात मात्रा थोडी श्वास घेते, समेवर आलं की सगळं माफ. वाद्यवृंदात प्रत्येक मात्रा तितकीच, आणि माफी नाही. शिवाय रिकाम्या जागा. व्हायोलाच्या पानावर सोळा-वीस बार, म्हणजे तालाची आवर्तनं, नुसती विश्रांती असते आणि मग एकदम प्रवेश. ती विश्रांती मोजताना प्रत्येक बारचा पहिला आकडा बदलत न्यायचा: एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, तीन-दोन-तीन-चार. इतकी साधी सवय नसल्यामुळे चांगले वादक चुकीच्या जागी उठतात.

हातातही बदल करावे लागतात. आपले बरेच व्हायोलिनवादक मांडी घालून बसतात आणि वाद्याचं डोकं पायाच्या घोट्याला टेकवतात. तारा सा-प अशा जोडीने लावतात. मिंडेसाठी ही बैठक उत्तम आहे. व्हायोला खुर्चीवर बसून किंवा उभं राहून हनुवटीखाली धरायचा असतो, आणि मोझार्टमध्ये दोन स्वरांमधली मिंड हा गुन्हा समजला जातो. व्हायोलाच्या आकाराला ठरलेलं माप नाही. वाद्याच्या धडाची लांबी १५ ते १७ इंचांपर्यंत काहीही असते, तर व्हायोलिन साधारण १४ इंच. त्यामुळे बोटांमधली अंतरं वाढतात. गजही जड असतो आणि जाड तार उशिरा बोलते, म्हणून गज ठोक्याच्या किंचित आधी तारेत रुतवावा लागतो. गावात वाद्य मिळत नसेल तर जुन्या व्हायोलिनवर व्हायोलाच्या तारा चढवून सुरुवात करता येते. लहान मुलांसाठी परदेशातही असंच करतात. आवाज बसका येतो, पण वाचन शिकायला काही अडत नाही.

मधली ओळ कानात बसवायची कशी? माझ्या मते पेटी हेच उत्तम साधन. बाखच्या चार आवाजांच्या कोरालमधली, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक स्तोत्रांमधली, एखादी रचना घ्यायची. शिक्षकाने वरचा आवाज आणि तळाचा आवाज पेटीवर धरायचा आणि विद्यार्थ्याने दुसरा आवाज, म्हणजे आल्टो, सरगम म्हणत गायचा. सुरुवातीला पोरगं हटकून वरच्या चालीकडे ओढलं जातं. तीन-चार कोराल झाल्यावर त्याला कळू लागतं की आपला एकच स्वर थांबून राहिला तरी खालचा स्वर बदलल्याने त्याचा रंग बदलतो. तोच स्वर आत्ता पंचम होता, आता गंधार झाला. हे कळलं की चाल नसलेल्या ओळीला अर्थ येतो. मग व्हायोला हातात द्यायचा. पुढची पायरी बाखच्याच सहाव्या ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टोची. १७२१ साली अर्पण केलेल्या या संचातल्या सहाव्या रचनेत व्हायोलिनच नाही, दोन व्हायोला पुढे आहेत, आणि पहिल्या भागात दुसरा पहिल्याच्या मागोमाग जेमतेम अर्ध्या ठोक्याने तीच ओळ म्हणतो. दोन विद्यार्थी समोरासमोर बसवले की एकाची चूक दुसऱ्याला लपवता येत नाही. बाखला स्वतःला वाद्यवृंदात व्हायोला वाजवणं आवडे, असं त्याच्या मुलाने लिहून ठेवलं आहे.

कोरालच्या या सरावामागे डोळ्यांचं शास्त्रही आहे. इंग्लंडमधले मानसशास्त्रज्ञ जॉन स्लोबोडा यांनी १९७४ मध्ये वाजवणाऱ्यासमोरचं पान मध्येच नाहीसं करून पाहिलं. कसलेले वाचक पान गेल्यावरही सुमारे सात स्वर पुढे वाजवत गेले, कच्चे तीन-चारवर थांबले. म्हणजे चांगल्या वाचकाचा डोळा हाताच्या बराच पुढे असतो. पण हे पुढे जाणं म्हणजे केवळ नजरेची चपळाई नव्हे. पुढे काय येऊ शकतं याचा अंदाज बांधता येतो म्हणून डोळा पुढे जातो. व्हायोलिनवाल्याला तो अंदाज चाल देते. व्हायोलावाल्याला तो एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या उभ्या रचनेतून, म्हणजे हार्मनीतून काढावा लागतो. पेटीवरच्या कोरालचा खटाटोप त्यासाठी.

हे वाचन मराठी मुलखाच्या आसपास पूर्वी कुठे शिकवलं जात होतं, तर गोव्यात. सोळाव्या शतकापासून चर्चच्या शाळांत मेस्त्री मुलांना सॉल्फेज, म्हणजे स्वरांची नावं म्हणत वाचन, आणि व्हायोलिन शिकवत. त्या शाळांतून तयार झालेले वादक मुंबईच्या चित्रपट-स्टुडिओंत आले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतले एक. संगीतकार प्यारेलाल शर्मा त्यांचे शिष्य, आणि १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यात ते नाव आलं ते त्यांच्यावरून. प्यारेलालांचे वडील पंडित रामप्रसाद शर्मा यांनीही मुंबईत कित्येकांना नोटेशन शिकवलं. स्टुडिओत एकाच गाण्याचे दोन कागद फिरत: गोव्याच्या मंडळींपुढे पाच रेघांचे, बाकीच्यांपुढे देवनागरी सरगमचे. काम दोन्ही कागदांवर होई. मात्र स्टुडिओत अरेंजर दोन वेळा वाजवून दाखवायला हजर असे, हे विसरू नये. सिंथेसायझर आल्यावर मोठमोठे तंतुवाद्यांचे ताफे ओसरले आणि त्या शाळेची गरजही. आता गोव्यातच पुन्हा, २००९ पासून, चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन गरीब वस्त्यांतल्या मुलांना तंतुवाद्यं शिकवतं आहे.

आज आपल्या राज्यात व्हायोलावाल्याला पूर्ण वेळ वाजवायची जागा म्हणजे मुंबईच्या एनसीपीएमधला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया. खुश्रू सनटूक आणि कझाक व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांनी २००६ मध्ये तो उभा केला. त्यातले बरेच वादक परदेशातून येतात, याचं कारण वाजवण्याइतकंच वाचण्यात आहे. ही उणीव भरून काढायला २०१२ मध्ये त्यांनी स्वतःची अकादमी काढली.

ग्रेड परीक्षांबद्दल एक इशारा. लंडनच्या एबीआरएसएम या परीक्षा-मंडळाच्या जुन्या, प्रत्यक्ष परीक्षेत १५० पैकी २१ गुण साइट-रीडिंगला असतात. कधी न पाहिलेला तुकडा, अर्धं मिनिट पाहायला, मग वाजवायचा. २०२० पासून घरून व्हिडिओ पाठवून देता येणाऱ्या परफॉर्मन्स ग्रेड आल्या. बार्शीहून मुंबई-पुण्याची फेरी वाचते, सोय मोठी आहे. पण त्यांत साइट-रीडिंग नाही. आठवी ग्रेड उत्तम गुणांनी पास झालेलं मूल पाच ओळी न अडखळता वाचू शकत नाही, असं आता होऊ शकतं. प्रमाणपत्र भिंतीवर लावावं आणि वाचनाचा तास तसाच चालू ठेवावा.

ते अर्धं मिनिट कसं वापरायचं, हे शिकवता येतं. पहिल्या ओळीपासून बोटं हलवत बसायचं नाही. आधी तालाचा आकडा, मग शार्प-फ्लॅट, मग पानावरची सर्वांत दाट जागा शोधायची आणि ती ज्या वेगात झेपेल तोच वेग संपूर्ण पानाला लावायचा. मग सुरुवात आणि शेवट पाहायचा. एकदा सुरू केलं की थांबायचं नाही. चुकलेला स्वर मागे जाऊन दुरुस्त करणं ही आपल्याकडच्या रियाजाची चांगली सवय, पण ऑडिशनमध्ये तीच घात करते. मागे गेलात की ठोका गेला, आणि परीक्षक स्वरापेक्षा ठोक्याचा हिशेब कडक ठेवतात.

ऑडिशनची यादी बहुतेक ठिकाणी सारखीच असते. एक जुना कॉन्चेर्टो, श्टामित्स किंवा हॉफमाइस्टरचा, दोन्ही डी मेजरमध्ये. पुढच्या फेरीला विसाव्या शतकातला, वॉल्टन (१९२९), हिंडेमिट (१९३५) किंवा बार्तोकने अपुरा सोडलेला. आणि वाद्यवृंदातले ठरलेले तुकडे: मेंडेल्सोनच्या ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’मधला उड्या मारणारा स्केर्झो, रिखार्ड श्ट्राउसच्या ‘डॉन हुआन’ची सुरुवात, आणि वर सांगितलेला बीथोव्हेनचा पाचव्या सिम्फनीतला तुकडा. विद्यार्थी कॉन्चेर्टोवर वर्ष घालवतात आणि तुकड्यांना शेवटचा महिना देतात. उलट करावं. तुकडे तीस-चाळीस सेकंदांचे असतात, पण परीक्षकाला हवं ते सगळं त्यांत उघडं पडतं. प्रत्येक तुकड्याचं पूर्ण स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी असलेलं पान, समोर ठेवून रेकॉर्डिंग ऐकावं, त्या वेळी बाकीचे काय वाजवतात ते लिहून काढावं. मेंडेल्सोनमध्ये वेग महत्त्वाचा नाही. तो शेवटपर्यंत तसाच राहतो का, हे ऐकतात.

पहिली फेरी अनेकदा व्हिडिओवर असते. एकाच दमात, न तोडता. पंखा बंद, पत्र्याच्या खोलीऐवजी कपाटं-गाद्या असलेली खोली, फोन हातभर अंतरावर नको, दहा-बारा पावलांवर. सूर पेटीवरून लावू नये. प्रत्येक पेटीचा सूर थोडा वेगळा. ट्यूनर वापरावा आणि समोरचा वाद्यवृंद पांढरी ६ ला ४४० हर्ट्झ धरतो की ४४२, ते आधी विचारून घ्यावं. प्रत्यक्ष फेरीत काही ठिकाणी परीक्षक पडद्याआड बसतात. बोस्टनच्या वाद्यवृंदाने १९५२ मध्ये हे सुरू केलं, पुढे पावलांच्या आवाजावरूनही माणूस ओळखू येऊ नये म्हणून कुठे गालिचे घातले, कुठे बूट काढायला लावले. घरी सरावाला एखाद्या नातेवाइकाला पाठमोरं बसवावं आणि त्याच्यासमोर सगळी यादी एकदाच, क्रम बदलून, वाजवावी.

निवड झाली तरी ब्रिटनसारख्या ठिकाणी लगेच नोकरी मिळत नाही, काही आठवडे ते काही महिने ट्रायल चालते. त्या काळात तुमचा श्टामित्स कुणी ऐकत नाही. शेजाऱ्याच्या गजाबरोबर तुमचा गज उठतो का, पुढच्या स्टँडवरच्या माणसापेक्षा तुमचा आवाज वर निघत नाही ना, पेन्सिलीने केलेल्या खुणा पुढच्या तालमीत पाळल्या जातात का, हे पाहतात. आणि दोघांत मिळून एक पान असतं, ते उलटायचं काम आतल्या, म्हणजे श्रोत्यांपासून दूरच्या, बाजूला बसणाऱ्याचं. नवा माणूस सहसा आतल्याच बाजूला बसतो.